मागणारा कोण?

या आठवड्यात अमरावतीच्या एका महाविद्यालयात ‘जीवनाचा हेतू शोधा’ नावाची दिवसभराची कार्यशाळा झाली. फी घेऊन झाली. संध्याकाळी प्रत्येकाच्या हाती एक छापील कागद उरला, त्यावर एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं. तुम्हाला काय आवडतं, काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि कशाचे पैसे मिळतात. चारही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात, तो मधला तुकडा म्हणजे तुमचा हेतू. दर्यापूरकडचा एक मुलगा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. पहिल्या वर्तुळात क्रिकेट, दुसऱ्यात गणित, चौथ्यात सरकारी नोकरी. तिसरं कोरं. म्हणाला, “काका, जगाले काय पायजे हे मले कसं समजन?”

अख्ख्या दिवसात विचारण्याजोगा प्रश्न हाच होता आणि तो विचारायला त्याला सभागृहाबाहेर यावं लागलं. मला संताप आला तो याचा. मधला तुकडा भरता आला नाही, तेव्हा आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं मनात घेऊन तो घरी निघाला होता. विशीतल्या पोराच्या मनात असं काही पेरायचं आणि वर त्याच्या बापाकडून पैसे घ्यायचे, हे मला सहन होत नाही.

हे चित्र ‘इकिगाई’ म्हणून फिरतं. जपानी म्हाताऱ्यांच्या दीर्घायुष्याचं गुपित म्हणून पुस्तकांत गेलं, ती पुस्तकं मराठीतही आली. चित्र मुळात जपानी नाही. ते आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाचं. 2014 मध्ये मार्क विन या ब्रिटिश लेखकाने मधला शब्द बदलून तिथे ‘इकिगाई’ घातलं आणि ते जगभर पसरलं. जपानमध्ये या प्रश्नावर जिने खरोखर आयुष्य वेचलं, तिचं नाव त्या कार्यशाळेत कुणी घेतलं नाही. डॉ. मिएको कामिया. 1934 मध्ये, जेमतेम विशीत असताना, त्या आपल्या मामांबरोबर टोकियोजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवायला गेल्या. तिथली माणसं पाहून डॉक्टर व्हायचं मनात घेतलं. वडिलांनी विरोध केला. क्षयानेही गाठलं. नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्यांचं काम सुरू झालं ते 1957 मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, आणि जगण्याच्या अर्थावरचं त्यांचं पुस्तक आलं 1966 मध्ये. एकच रोग, एकच कुंपण, तरी त्यातला एक माणूस उमेदीने जगतो आणि दुसरा नाही, असं का, हा त्यांचा प्रश्न होता. संध्याकाळी पाचच्या आत उत्तर काढायचं बंधन त्यांच्यावर कुणी घातलं नव्हतं.

कुष्ठरोग्यांची वसाहत तर अमरावतीलाही आहे. दाजीसाहेब पटवर्धन होमिओपॅथीचे डॉक्टर. त्यांनी 1946 मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढलं आणि तपोवन उभं केलं. पण आज त्या कागदाशेजारी मला तपोवन ठेवायचं नाही, मेळघाटातलं बैरागड ठेवायचं आहे. कारण बैरागडला गेलेल्या माणसाच्या हातात तो कागद जवळजवळ भरलेला होता.

डॉ. रवींद्र कोल्हे शेगावचे. 1985 मध्ये नागपूरहून एमबीबीएस झाले. गांधी-विनोबा वाचलेले. जिथे डॉक्टर नाही तिथे काय करायचं, यावरचं डेव्हिड वर्नरचं पुस्तकही वाचलेलं. तिसरं वर्तुळ म्हणाल तर इतकं नेमकं भरलेलं की मेळघाटातलं गावसुद्धा निवडून ठेवलं होतं. बैरागड, धारणी तालुका, 40 किलोमीटर पायपीट. जाण्याआधी बाळंतपण, न्यूमोनिया आणि अतिसार, सोनोग्राफी-एक्सरेवाचून कसे हाताळायचे, हे मुंबईत सहा महिने राहून शिकून घेतलं. यापेक्षा जास्त तयारी कोण करणार?

आणि मग एक माणूस त्यांच्याकडे आला. स्फोटात त्याचा हात गेला होता, त्यालाही तेरा दिवस उलटले होते. त्याच्यासाठी जे यायला हवं होतं, ते या डॉक्टरला येत नव्हतं.

मी बैरागडची गोष्ट सांगतो तेव्हा याच जागी थांबतो. आवड होती. कौशल्य, आपल्या समजुतीप्रमाणे, होतं. गरज ओळखलेली होती. तरी पहिल्या मोठ्या मागणीला माणूस अपुरा पडला. कागदाच्या हिशेबाने इथे निष्कर्ष निघतो की हा तुमचा हेतू नव्हे, दुसरा शोधा. कोल्ह्यांनी काय केलं? 1987 मध्ये ते एमडी करायला परत गेले आणि शिकून पुन्हा बैरागडलाच आले. पहिल्यांदा गेले ते स्वतःच्या निश्चयाने. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या हात गमावलेल्या माणसाचं काहीतरी देणं डोक्यावर होतं. मला विचाराल तर त्यांचा हेतू त्या दुसऱ्या खेपेचा आहे.

पुढचं सगळं याच रीतीने झालं. कोल्ह्यांच्या लग्नाच्या अटी वाचकांना माहीत असतील. 40 किलोमीटर चालायची तयारी हवी, लग्न पाच रुपयांत नोंदणी पद्धतीने होईल, संसार महिन्याला 400 रुपयांत चालवायचा आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची. डॉ. स्मिता नागपूरला स्वतःची प्रॅक्टिस करत होत्या, त्या हो म्हणाल्या. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि नंतरच्या खेपेचा एक रुपया, ही फी. चौथ्या वर्तुळात एवढंच.

स्मिताताईंचं बाळंतपण बैरागडलाच झालं. बाळाला मेंदूज्वर, न्यूमोनिया आणि रक्तात जंतुसंसर्ग, तिन्ही एकदम. लोक सांगत होते, अकोल्याला हलवा. डॉक्टरांनी निर्णय बायकोवर सोडला. गावातल्या बाकीच्या पोरांना जे उपचार मिळतात तेच माझ्या पोराला, असं त्या माउलीने ठरवलं. मी हा निर्णय कुणाला अनुकरणासाठी सांगणार नाही. आजारी पोराच्या बापाने अकोल्याची गाडी धरावी असंच माझं मत आहे. पण त्यानंतर बैरागडचं त्या घराशी नातं बदललं. लोकांचा विश्वास बसला आणि विश्वास बसला म्हणून मागण्या वाढल्या.

आणि मागण्या कसल्या? गाय आजारी आहे, बैल उठत नाही. माणसांच्या डॉक्टरकडे लोक गुरं घेऊन यायला लागले. कोल्ह्यांनी एका पशुवैद्य मित्राकडून जनावरांचं शरीरशास्त्र समजून घेतलं, अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठात शिकले. मग लक्षात आलं की पोरं आजारी पडतात ती पोटात अन्न नाही म्हणून. तेव्हा शेतीकडे वळले, बुरशीला दाद न देणारं बियाणं तयार केलं. ते पेरायला कुणी धजेना, तेव्हा नवराबायकोने स्वतः पेरून दाखवलं. सार्वजनिक बांधकाम मंत्री बैरागडला आले, घर बांधून देतो म्हणाले, तर स्मिताताईंनी रस्ते मागितले. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘एक रुपयावाले डॉक्टर’ असं छापलं. माझ्या मते तिथे मथळा गायीचा हवा होता.

कारण गाय कुठल्याच वर्तुळात नव्हती. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात बसून, डोळे मिटून, स्वतःच्या आत कितीही खोल उतरलं असतं तरी ‘गुरांचं शरीरशास्त्र’ ही आवड सापडली नसती. ती दाराशी आली. दावं हातात धरून माणूस उभा राहिला, ‘नाही’ म्हणता आलं नाही, म्हणून शिकावं लागलं, शिकल्यावर जमलं आणि जमल्यावर आवडलंही असणार. कागदावर आवड पहिली येते आणि गरज तिसरी. बैरागडला क्रम नेमका उलटा आहे.

त्या दर्यापूरच्या मुलाला मी म्हणून एकच विचारलं. तुझ्याकडे कुणी काही मागतं का? तो गोंधळला. मी विचारलं, तुझ्या गावच्या बचतगटाचं रजिस्टर कोण लिहितं? “मायच लिवते. पण बेरीज तिले जमत नाही, शेजारच्या गुरुजीकडून करून आणते.” दुसऱ्या वर्तुळात ज्याने गणित लिहिलंय, त्याची आई बेरजेसाठी शेजारी जाते. आणि घरात पोरगा आहे हे तिला आठवत नाही असं नाही. पोराचा अभ्यास मोडायला नको, म्हणून ती त्याला सांगत नाही.

इथे मला अभ्यासिकांवर यावंच लागतं. या विषयावर मी पुन्हा पुन्हा लिहितो, रागावलेली पत्रंही येतात, तरी लिहिणार. आपल्याकडचा कास्तकार पोराला स्पर्धा परीक्षेसाठी शहरात ठेवतो आणि सांगतो, तू फक्त पुस्तक पाहा. सोयाबीनची सोंगणी असो की कापसाची वेचणी, वावरात येऊ नको. यात माया आहे, त्याग आहे, बापाचं कर्ज आहे. पण वर्षानुवर्षं ज्याच्याकडे कुणी काही मागितलंच नाही, त्याला आपण कशाला आहोत हे कळणार कुठून? आपली पोरं हेतूवाचून भटकतात, त्याचं मोठं कारण हे आहे, असं माझं ठाम मत आहे. परीक्षा हुकली की त्यांचं नुसतं वर्ष जात नाही, आपली कुणालाच गरज नाही या समजुतीवर शिक्का बसतो. त्या समजुतीने आपल्या वऱ्हाडात काय काय केलंय ते मला इथे लिहायला नको.

कुणी म्हणेल, कोल्हे अपवाद आहेत. मग डेबूजी घ्या. 1876 मध्ये शेंडगावात जन्म, बाप दारूने गेला, वाढला मुर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे. गुरं राखली, नांगर धरला, सावकाराने मामाची जमीन बळकावली तेही पाहिलं. मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीने दारू-मटण द्यायचं ते नाकारून गोडाचं जेवण घातलं. गाडगेबाबा म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांचं निम्मं काम दापुऱ्यातच सुरू झालेलं दिसतं, फक्त नाव पडलं नव्हतं. 1 फेब्रुवारी 1905 ला घर सोडलं, ते पुढे दिसले ऋणमोचनला. पूर्णेच्या काठी यात्रेकरू चिखलात घसरतात, म्हणून हातात फावडं घेऊन पायऱ्या खोदताना. पुढे तिथेच पक्का घाट झाला.

पण डेबूजींनी घर सोडलं तेव्हा त्यांच्या पत्नी कुंताबाईंना कुणी विचारलं नव्हतं. लेकरं त्यांच्या पदरात राहिली. बाबांवर माझी श्रद्धा आहे, आणि म्हणूनच हे बोलायला हवं: हेतू एकाला सापडतो आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसरंच कुणी मोजतं. कोल्ह्यांच्या त्या चार अटींचं मोल मला यासाठी जास्त वाटतं. त्या कडक आहेत, पण लग्नाआधी समोर ठेवलेल्या आहेत आणि त्यांना नाही म्हणायची मोकळीक होती. कार्यशाळेच्या कागदावर ‘याची झळ कुणाला बसेल’ असं पाचवं वर्तुळ असतं, तर मी तो जपून ठेवला असता.

आता प्राचार्यांसाठी. राष्ट्रीय सेवा योजनेचं निवासी शिबिर सात दिवसांचं असतं. त्यात रस्ता झाडतात, शोषखड्डा खणतात, रात्री व्याख्यान ऐकतात आणि गावाची नीट ओळख व्हायच्या आत परत येतात. सात दिवसांत कुणी तुमच्याकडे काही मागत नाही. मागायला आधी भरवसा लागतो. निदान तयारी असलेल्या वीस-पंचवीस मुलांना एकाच ठिकाणी महिनाभर राहू द्या आणि त्या महिन्याचे गुण द्या. अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद मुलांना त्यांनी स्वतःचं नाव लावलं, 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने मुलांना बालगृह सोडावं लागतं, तर ही मुलं जाणार कुठे, हा प्रश्न ते कित्येक वर्षं सरकारला विचारताहेत. आपल्या विधी महाविद्यालयांतल्या मुलांनी महिनाभर तिथे बसून त्या कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा का लिहू नये? कृषीच्या मुलांना मेळघाटात पाठवा. गणितवाल्यांना बचतगटांची रजिस्टरं द्या. आणि त्या महिन्यात एकही प्रेरणादायी वक्ता बोलावू नका.

अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे, पाच जिल्ह्यांची महाविद्यालयं त्याच्या हाताखाली आहेत, एका परिपत्रकाने हे याच वर्षी सुरू होऊ शकतं. सुरुवात तपोवनापासून करा. विद्यापीठाच्या पत्त्यातच ‘तपोवन गेटजवळ’ असं लिहिलेलं आहे. तिथे जायला एसटीसुद्धा लागत नाही.