पिशवी आमच्या खांद्यावर, फाटक त्यांच्या हातात!

2025 च्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही दिल्लीला जाऊन गोल्फची मोठी स्पर्धा पाहून आलो, हे भिवपुरीच्या टपरीवर सांगितले तेव्हा मंडळी हसली. एक जण म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्हीसुद्धा साहेबलोकांत जाऊन बसलात काय?" दुसऱ्याने विचारले, "तिथे टाळ्या तरी वाजवू देतात का?" आम्हीही हसलो. कारण स्वतः पाहीपर्यंत आमचेही मत तेच होते. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले! चळवळीच्या माणसाला त्याच्याशी काय देणेघेणे? परंतु वाचकहो, हे मत किती चुकीचे आहे हे आम्हाला त्या मैदानावर उमगले. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आम्हाला तिथे नेणारा एक विशीतला तरुण होता. आमच्या शेजारच्या वाडीतला. भिवपुरी रोडहून पहाटेची लोकल पकडून हा पोरगा मुंबईजवळच्या एका गोल्फ क्लबात कॅडीच्या कामाला जातो. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा, चेंडू शोधणारा, किती अंतरासाठी कोणती काठी घ्यावी हे सांगणारा माणूस. 2023 साली एका सभासदाने मारलेला चेंडू त्याच्या कोपरावर बसला. हाड मोडले. दोन महिने घरात बसून काढले. क्लब म्हणाला, हा आमचा नोकर नाही, खेळणाऱ्याने याला पैसे द्यायचे असतात. खेळणारा म्हणाला, मी एका फेरीचे पैसे दिले, माझा संबंध संपला. तेव्हा लागू असलेला 1923 चा भरपाईचा कायदा आधी एकच प्रश्न विचारी : तुझा मालक कोण? पिशवी खरी, चेंडू खरा, मोडलेले हाड खरे. फक्त मालक तेवढा कुणीच नाही! आम्ही नोटीस दिली. अखेर औषधपाण्याचे पैसे मिळाले, पण सोबतच्या पत्रात 'केवळ माणुसकीच्या भावनेतून' असे शब्द आवर्जून घातले होते. हक्क नको, माणुसकी घ्या!

तोच पोरगा ऑक्टोबरात म्हणाला, "वकीलकाका, तुमची दिल्लीला तारीख आहे ना? मला पण न्या. जगातले सगळे मोठे खेळाडू येणार आहेत. ओळखीच्या कॅडीने दोन पास देतो म्हणून सांगितलंय." आम्ही कल्याणहून पंजाब मेल पकडली. शुक्रवारी कोर्टाचे काम उरकले आणि रविवारी, 19 ऑक्टोबरला, दिल्ली गोल्फ क्लबच्या फाटकातून आत शिरलो. डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिपचा तो शेवटचा दिवस. बक्षिसाची एकूण रक्कम 40 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 35 कोटी रुपये.

आत शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती जमीन. राजधानीच्या ऐन मध्यात, खान मार्केटच्या शेजारी, पावणेदोनशे एकरांच्या घरातले हे रान. जुन्या मुसलमानी काळातल्या कबरी, त्यांचे घुमट, मोर, दाट झुडपे आणि त्यांच्या मधून काढलेल्या हिरव्या चिंचोळ्या पट्ट्या. चेंडू झुडपात गेला की संपले. म्हणून रोरी मॅकिलरॉयसारख्या जगप्रसिद्ध खेळाडूनेही आपली सर्वांत लांब पल्ल्याची काठी या स्पर्धेत पिशवीबाहेर ठेवली होती. हे सर्व पोरगा आम्हाला कानात सांगत होता. मोठ्याने बोलायची सोय नाही. खेळाडू चेंडूसमोर उभा राहिला की स्वयंसेवक हात वर करतो आणि हजारोंचा जमाव एकदम गप्प होतो. आमच्या सभांना असा अनुशासनाचा एक मिनिट मिळाला तर काय बहार होईल, असे मनात आले!

खेळ समजायला अवघड नाही. 18 खळगे, प्रत्येकात चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा. परंतु एका गोष्टीने आम्ही थक्क झालो. इथे प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच नसतो. चेंडू चुकून हलला तर खेळाडूने स्वतःच सांगायचे आणि स्वतःवर दंडाचा फटका लावून घ्यायचा. पाहणारे कुणी नसतानाही! पंचशीलात आपण जे 'मुसावादा'पासून अलिप्त राहण्याचे शील घेतो, त्याची मैदानावरची ही परीक्षाच म्हणायची. खेळ वाईट नाही, बांधवांनो. खेळाभोवती घातलेले कुंपण वाईट आहे.

दुपारभर आम्ही दोरीच्या कडेने चालत राहिलो. आमचे लक्ष खेळाडूंकडे आणि पोरग्याचे कॅडींकडे. कॅडीच्या अंगरख्यावर नाव असते ते खेळाडूचे. पण परदेशी खेळाडूंच्या कॅडींना आठवड्याचे ठरीव मानधन आणि वर जिंकल्यास बक्षिसाचा साधारण दहावा हिस्सा देण्याचा रिवाज आहे. त्या दिवशी इंग्लंडचा टॉमी फ्लीटवूड 22 अंडर पारने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा 22 फटके कमी घेऊन जिंकला. त्याच्या वाट्याला 6 कोटींच्या आसपास रुपये आले. त्याचा लहान मुलगा अठराव्या हिरवळीवर धावत येऊन त्याला बिलगला, तेव्हा आमच्याही डोळ्यांत पाणी आले. पोरगा हिशेब करीत होता. म्हणाला, "काका, म्हणजे त्याच्या कॅडीला 60 लाखांच्या आसपास! आणि कोपर मोडलं तर त्याला मालक कोण म्हणून कुणी विचारणार नाही." आम्हाला उत्तर सुचले नाही.

आता जरा इतिहास पाहू. ज्या गवतावर हा सोहळा झाला, त्याच गवतावर 1991 साली अली शेर नावाच्या माणसाने इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, आणि सुरुवात केली होती कॅडी म्हणून! याच मैदानावर 2008 साली इंडियन मास्टर्स जिंकली शिव शंकर प्रसाद चौरसिया यांनी. वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात गवत राखणारे माळी. ज्या क्लबाची स्थापना 1829 ची, त्याच्या गवतावर माळ्याचा मुलगा खेळ शिकला आणि युरोपच्या खेळाडूंना हरवून गेला. बंगळुरूचा मुनियप्पा, तोही कॅडी. त्याने 2009 ची इंडियन ओपन जिंकली. आणि 2016 च्या डिसेंबरात याच दिल्लीच्या मैदानावर पॅनासोनिक ओपन जिंकली 51 वर्षांच्या मुकेशकुमार यांनी. कुठले हे मुकेशकुमार? महूचे! बाबासाहेबांच्या जन्मगावचे! यांच्या जातीची चौकशी आम्ही करीत नाही. एवढेच म्हणतो की संधी मिळाली तिथे पिशवी उचलणाऱ्या आणि गवत राखणाऱ्या घरांतून विजेते निघाले. गुणवत्ता ठरावीक घरांतच जन्मते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा.

परंतु जिंकणे वेगळे आणि फाटक उघडणे वेगळे. याच क्लबात 2017 च्या जून महिन्यात मेघालयातील एका खासी महिलेला जेवणाच्या दालनातून उठून जाण्यास सांगण्यात आले. ती पाहुणी म्हणून आली होती. गुन्हा काय? अंगावर तिच्या समाजाचा पारंपरिक पोशाख होता आणि तो म्हणे मोलकरणीसारखा दिसत होता! प्रकरण देशभर गाजले. जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. वेश पाहिला आणि निकाल दिला. नव्या अस्पृश्यतेला दाखला लागत नाही, तिला नजर पुरते.

जगात दुसरीकडे काय घडले? दक्षिण आफ्रिकेत दरबानचा भारतीय वंशाचा कॅडी पापवा सेवगोलम याने 1963 साली नाताळ ओपन जिंकली. वर्णद्वेषी कायद्यामुळे विजेत्याला क्लबच्या इमारतीत पाऊल टाकता येईना. गोरे आत बसले आणि विजेत्याच्या हाती बाहेर पावसात चषक दिला गेला. अमेरिकेत मास्टर्स स्पर्धेत वर्षानुवर्षे कॅडी काळे आणि खेळाडू गोरे. पहिला काळा खेळाडू ली एल्डर तिथे खेळला 1975 साली. हे वाचताना आम्हाला आमचे पाळवणकर बाळू आठवले. पुण्याच्या इंग्रज क्लबात मैदान राखणारा, जाळ्यात साहेबांना चेंडू टाकणारा हा चर्मकार तरुण पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचा सर्वोत्तम गोलंदाज ठरला. पण पुण्यात सामना चालू असताना त्याला चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. दरबानचा पाऊस आणि पुण्याचे मातीचे भांडे, दोन्हींमागचे मन एकच!

कायद्याचा माणूस म्हणून आता मुद्द्याचे बोलतो. भारतीय संविधानाचे कलम 15 (2) सांगते की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे येथे कुणालाही मज्जाव करता येणार नाही. तसेच सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तळी, रस्ते व सार्वजनिक जागा वापरण्यासही. या कलमात चवदार तळ्याचे पाणी आहे. 1927 चा महाड सत्याग्रह आमच्याच जिल्ह्यातला. संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी 'दुकान' म्हणजे काय, असा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेबांनी तो शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे हे स्पष्ट केले : जो कोणी जनतेला सेवा देऊ करतो, तो त्यात आला. क्लबवाले मात्र म्हणतात, आम्ही जनतेला काही देऊ करीत नाही, आम्ही फक्त सभासदांचे. ठीक! मग स्पर्धेचे चार दिवस पास देऊन हजारो लोक आत घेता, तेव्हा ती जागा सार्वजनिक करमणुकीची होत नाही काय? आणि जमीन तर वर्षाचे 365 दिवस सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली! चार दिवस जनतेचे आणि बाकीचे दिवस सभासदांचे, हा कुठला न्याय?

मजुरांबाबतही असेच. 1967 साली मद्रास जिमखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदांचा क्लब हा 'उद्योग' नाही असे ठरवले. म्हणजे तिथल्या कामगाराला औद्योगिक विवाद कायद्याचे दार बंद. 1978 साली बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते दार पुन्हा उघडले. पण दार उघडले तरी आत जाण्याआधी तू 'कामगार' आहेस का, हा प्रश्न कॅडीसमोर उभाच असतो. रोज पहाटे हजर, क्लबचा बिल्ला, क्लबची शिस्त, क्लबचा दंड. पण नोकर मात्र क्लबचा नाही.

भिवपुरीकरांना हे गणित नवीन नाही. 1922 साली इथे टाटांचे वीजघर सुरू झाले. घाटावरच्या खोऱ्यात धरण बांधून पाणी इथे उतरवले आणि वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. वीजघरातून निघालेले पाणी राजनाल्याने शेतात आले म्हणून आमच्या भागात उन्हाळी भात पिकतो, हेही खरे. म्हणजे वरच्यांचे काम झाल्यावर उरलेले खाली येते, त्यालाच आपण उपकार समजतो. आज कर्जत-खालापुरात फार्महाऊसच्या फाटकांवर 'खासगी मालमत्ता' अशा पाट्या आहेत आणि त्याच जमिनीचा जुना कसणारा फाटकावर वॉचमन म्हणून उभा आहे. कित्येक क्लबांत सोमवारी मैदान बंद असते तेव्हा कॅडींना खेळू देतात. आजवरचे विजेते त्या उरलेल्या वेळेतून घडले. उरलेल्या वेळेतून एवढे, तर हक्काच्या वेळेतून किती?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. सरकारी जमिनीवरच्या प्रत्येक गोल्फ मैदानाने कॅडींची कामगार म्हणून नोंद करावी. अपघात विमा व भविष्यनिर्वाह निधी द्यावा. कॅडी, माळी आणि परिसरातील शाळांच्या मुलांसाठी आठवड्याचा एक दिवस भाडेपट्ट्याच्या अटीतच लिहावा. मेहेरबानी म्हणून नव्हे, अट म्हणून! आमच्याच रायगड जिल्ह्यात खारघरला सिडकोने गोल्फचे मैदान उभारले आहे. सिडको हे सरकारी महामंडळ, तिथे सभासदांचा खासगी क्लब ही सबब चालत नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करू. किती कॅडी आहेत, त्यांची नोंद कुठे आहे, विमा कुणी उतरवला, सामान्य मुलांना कोणत्या दिवशी प्रवेश आहे, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तयार केला आहे. चळवळीतील तरुण वकिलांनी आपापल्या शहरात असाच अर्ज टाकावा.

परतीच्या गाडीत पोरगा झोपला नाही. खिडकीशी बसून, दुखरा कोपर मांडीवर ठेवून, दोन्ही हातांत नसलेली काठी धरून मनगट वळवून पाहत होता. आम्ही विचारले, "काय रे, खेळायचंय?" तो म्हणाला, "सोमवारी खेळतो की काका. पण रविवारी खेळायचंय."

अर्जावर अर्जदार म्हणून पहिली सही त्यानेच केली आहे.