रिपोर्टमध्ये ‘न्यूरो’ दिसलं म्हणून

इरफान खानने मार्च २०१८ मध्ये आपल्या आजाराचं नाव जाहीर केलं, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, तेव्हा अनेकांनी त्याच्या मेंदूतच गाठ झाली असं धरून टाकलं. न्यूरो म्हणजे दर वेळी मेंदू नव्हे, हे त्यालाच सांगावं लागलं. तुमच्या घरात असा रिपोर्ट आला तर मेंदूच्या डॉक्टरकडे धावू नका. या गाठी बहुतेक करून आतडं, स्वादुपिंड किंवा फुप्फुसात, संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींतून उगवतात. दाखवायचं ते कॅन्सरच्या डॉक्टरला.

या गाठींची एक गंमत आहे. (हा शब्द इथे शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही.) पंगतीत वाढपी पुढे आला की आपण पानावर आडवा हात धरतो. शरीरात हे काम सोमॅटोस्टॅटिन करतं. १९७३ साली सापडलेली ही जेमतेम १४ अमिनो आम्लांची साखळी. पाचकरस, इन्सुलिन, वाढीचं संप्रेरक, सगळ्यांना ती ‘पुरे’ म्हणते. ते ऐकणारे कान म्हणजे पेशीवरचे रिसेप्टर. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे झाँ-क्लोद रोइबी यांनी माणसांच्या गाठींचे तुकडे तपासून कोणत्या गाठीवर कोणते रिसेप्टर किती, याचा हिशेब वर्षानुवर्षं मांडला. सावकाश वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवर ते दाटीवाटीने असतात. गाठ बिघडलेली, पण कान शाबूत.

उपचार उभा आहे तो यावरच. खरं सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांत विरतं, म्हणून त्याची टिकाऊ नक्कल केली, ऑक्ट्रिओटाइड. चार आठवड्यांतून एकदा कमरेखाली इंजेक्शन घेतलं की गाठीतल्या संप्रेरकांमुळे चेहरा लालबुंद होणं, सारखे जुलाब, हे बऱ्याच जणांचं आटोक्यात येतं. अशाच नकलेला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडलं की पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते. ल्युटेशियम-१७७ जोडलं की पेशी तो माल स्वतःच आत ओढून घेते, आणि किरणांचा मारा होतो दोनेक मिलिमीटरच्या टापूत. आतड्याच्या पसरलेल्या गाठींवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २० महिन्यांनंतर आजार न वाढलेले रुग्ण ल्युटेशियमच्या गटात सुमारे ६५ टक्के होते. नुसत्या जास्त डोसच्या ऑक्ट्रिओटाइडच्या गटात ११.

तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराच. गाठीचा ग्रेड काय, केआय-६७ (वाढीचा वेग सांगणारा आकडा) किती? आणि डोटाटेट स्कॅन, म्हणजे वर सांगितलेला गॅलियमचा पेट स्कॅन, करायचा का? नेहमीचा पेट स्कॅन साखरेवर चालतो. सावकाश वाढणारी गाठ त्यात पुष्कळदा दिसतच नाही. क्रोमोग्रॅनिनची रक्ततपासणी सांगितली असेल, तर ॲसिडिटीची गोळी चालू आहे हे आधी सांगा. त्या गोळीने आकडा फुगतो आणि घरचे उगाच रात्रभर जागतात.

खोटी आशाही नको. झपाट्याने वाढणाऱ्या गाठींवर हे रिसेप्टर बरेचदा उरत नाहीत, तिथे केमोथेरपीचाच रस्ता. ल्युटेशियमने गाठ मुळासकट जाते असं क्वचितच होतं; बहुतेकांना मिळतो तो वेळ. पण एकच गाठ असेल, काढता येत असेल, आणि सर्जन काढू म्हणत असेल, तर काढे आणि पथ्यांत महिने घालवू नका. अशीच गाठ झालेल्या ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने ऑपरेशन नऊ महिने टाळलं होतं.

ल्युटेशियम घेऊन घरी आलेल्या माणसाला वाळीत टाकू नका. भरपूर पाणी पाजा, संडासात दोनदा पाणी सोडायला सांगा, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नातवंडांना मांडीवर देऊ नका, एवढं पुरे. खर्चाची धास्ती घेण्याआधी किंवा परदेशाची चौकशी करत बसण्याआधी मुंबईत विचारा. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार होतो, आणि ल्युटेशियम-१७७ आपल्याच ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं.