त्रयस्थ मैदान नावाची पळवाट

"खेळात राजकारण आणू नका." हे वाक्य वापरून वापरून पार गुळगुळीत झाले आहे. मंत्री ते म्हणतो, महासंघाचा पदाधिकारी म्हणतो, क्लबचा मालक म्हणतो, आणि तोंडातून शब्द बाहेर पडतात न पडतात तोच हे सगळे राजकारणाला लागतात. माझे भांडण त्या वाक्याशी नाही, ते म्हणणाऱ्यांशी आहे. आशियाई क्लब फुटबॉलची गेली दहा वर्षे पाहिली तर हे वाक्य म्हणण्याचा हक्क फक्त एकालाच उरतो: तिकीट काढून स्टँडमध्ये बसणाऱ्या प्रेक्षकाला. आणि शिक्षा भोगावी लागते ती नेमकी त्यालाच.

सुरुवात २०१६ पासून करू. २ जानेवारीला सौदी अरेबियाने शिया धर्मगुरू निम्र अल निम्र यांना देहदंड दिला. तेहरानमध्ये जमावाने सौदी वकिलातीला आग लावली. सौदीने इराणशी राजनैतिक संबंध तोडले. मग आशियाई फुटबॉल महासंघाने ठरवले की चॅम्पियन्स लीगमधले सौदी आणि इराणी क्लबांचे सामने तिसऱ्या देशात, त्रयस्थ मैदानावर होतील. तात्पुरती वाटणारी ही सोय २०२३ पर्यंत चालली. २०१७ ची उपांत्य फेरी घ्या. पर्सेपोलिस विरुद्ध अल हिलाल. पहिला सामना अबू धाबीला, दुसरा मस्कतला. तेहरानचा आझादी स्टेडियम भरून टाकणाऱ्या लाल शर्टवाल्यांनी आपला 'घरचा' सामना ओमानमध्ये चाललेला टीव्हीवर पाहिला. रियाधवाल्यांचीही तीच गत. वकिलात जाळणारे वेगळे, देहदंड देणारे वेगळे, आणि दंड भरणारे तिसरेच.

कुणी म्हणेल, महासंघ बिचारा काय करणार? मग त्याच काळातली दुसरी गोष्ट ऐका. मार्च २०१९ मध्ये याच स्पर्धेत तेहरानचा एस्तेगलाल आणि अल ऐन यांचा सामना होता. सहर खोदायारी ही एस्तेगलालची चाहती पुरुषाच्या वेशात स्टेडियममध्ये शिरू पाहत होती, कारण इराणमध्ये बायकांना तिथे मज्जाव होता. तिला पकडले. सप्टेंबरात तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतले आणि त्यातच तिचा अंत झाला. सौदी क्लब यायचा म्हटले की सामना देशाबाहेर हलत होता. निम्म्या प्रेक्षकांना दारातच अडवले म्हणून मात्र त्या वर्षी एकही सामना जागचा हलला नाही. सरकारे रुसली तर महासंघाला ऐकू येते, प्रेक्षक रडला तर येत नाही. याला अराजकीय म्हणायचे असेल तर शब्दकोश नव्याने लिहावा लागेल.

मार्च २०२३ मध्ये चीनच्या मध्यस्थीने दोन्ही देशांनी हात मिळवले. सप्टेंबरात सामने पुन्हा आपापल्या घरी परतले. १९ तारखेला रोनाल्डोला घेऊन अल नस्र तेहरानला आला, शहर त्याच्या हॉटेलभोवती लोटले, आणि आझादी स्टेडियम रिकामा! का? याचे उत्तर आपल्या फातोर्ड्याशी जोडलेले आहे.

एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. कोविडमुळे गटाचे सगळे सामने फातोर्ड्याला, तेही बंद दाराआड झाले. अल रय्यान आणि अल वहदाला गोव्याने गोलशून्य बरोबरीत रोखले. पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने गोल केला, पण सामना १-२ असा गेला. त्या लढतीआधी पर्सेपोलिसने समाजमाध्यमांवर एक आक्षेपार्ह पोस्ट टाकली होती. महासंघाने त्याबद्दल एक सामना प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा ठोठावली, आणि ती भोगायची वेळ आली दोन वर्षांनी, नेमकी रोनाल्डोच्या दिवशी. म्हणजे अवमान झाला तर गोव्याचा, केला क्लबच्या कचेरीतल्या कुणीतरी, आणि घरी बसला तेहरानचा प्रेक्षक. गोंयकार म्हणून मला यात कसलाही न्याय मिळाल्यासारखे वाटत नाही. आपल्या नावावर दुसऱ्याचे स्टँड रिकामे करा, असे आपण कधी म्हटले होते?

दोनच आठवड्यांनी, २ ऑक्टोबरला, इस्फहानमध्ये सेपाहान विरुद्ध अल इत्तिहाद. मैदानाच्या कडेला जनरल कासिम सुलेमानी यांचे अर्धपुतळे मांडलेले. अल इत्तिहादने मैदानात उतरायला नकार दिला आणि निघून गेला. महासंघाने सामना ३-० असा त्यांना बहाल केला, सेपाहानला दोन लाख डॉलर दंड केला आणि घरचे पुढचे तीन सामने प्रेक्षकांविना खेळायला लावले. आता त्या संध्याकाळचे खरे दृश्य पाहा. सामना होत नाही असे दिसताच फुटबॉलमध्ये राजकारण नको, अशा घोषणा स्टँडमधून उठल्या. त्या देशात सुलेमानींच्या पुतळ्यासमोर असे ओरडायला छाती लागते. ते वाक्य मनापासून म्हणणारी ही माणसे, आणि पुढचे तीन सामने काढून घेतले ते त्यांच्याकडूनच!

आता आपल्या देशाकडे वळू. मोहन बागान लागोपाठ दोन वर्षे इराणला गेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तबरीझला ट्रॅक्टरशी सामना होता आणि त्याच सुमारास इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रे डागली. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्फहानला सेपाहानशी सामना होता. त्याआधी जूनमध्ये बारा दिवसांचे युद्ध होऊन गेले होते. दोन्ही वेळा महासंघाने बागानची माघार धरून त्याला बाद केले. आकाशात क्षेपणास्त्रे असताना खेळाडू कचरला तर त्याला भित्रा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण २०२४ मध्ये बागानसाठी तबरीझ बदलले नाही, आणि २२ ऑक्टोबरला एस्तेगलालचा अल नस्रशी घरचा सामना मात्र दुबईला खेळवला गेला. मधल्या वीस दिवसांत परिस्थिती बिघडली असेलही. पण मोजपट्टी कोणती, ती कुणाच्या हातात, हे कोलकात्याच्या चाहत्याने कुणाला विचारायचे?

बागानच्या कारभाऱ्यांनाही सोडून चालणार नाही. पहिल्या वर्षाचा अनुभव गाठीशी होता. इराणी क्लब स्पर्धेत आहेत हे दुसऱ्या वर्षी नाव देतानाच ठाऊक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटी तेहरानला गेली, नस्साजीशी खेळली, हरली आणि परत आली. जायचे नव्हते तर आधीच सांगायचे होते. दोन्ही वर्षी सॉल्ट लेकवर लोकांनी पैसे मोजून पाहिलेला सलामीचा सामना नंतर रद्दबातल ठरला. डोळ्यांनी पाहिलेला सामना झालाच नाही म्हणे!

सामने कधीच हलवू नयेत असे माझे म्हणणे नाही. शाख्तर दोनेत्स्क २०१४ पासून आपल्या गावात खेळू शकलेला नाही, कारण तिथे खरोखर युद्ध आले. जिवाला धोका असेल तर सामना हलवलाच पाहिजे. पण जिवाचा धोका आणि सरकारांचा अबोला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महासंघ दोन्हींवर एकच शिक्का मारतो: 'त्रयस्थ'.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मैदान कधी हलवायचे याचा लेखी निकष ड्रॉच्या आधी जाहीर करा, आणि तो तबरीझला, तेहरानला, रियाधला सारखाच लावा. घरचा सामना काढून घेतलात तर बुडालेल्या तिकिटांची भरपाई महासंघाने द्यावी. कचेरीतल्या किंवा सरकारातल्या माणसाच्या गुन्ह्यासाठी क्लबचे गुण कापा, पैसे कापा. स्टँड रिकामे करू नका.

२२ ऑक्टोबर २०२५ ला अल नस्र फातोर्ड्यात आला. रोनाल्डो आला नाही म्हणून आपण केवढे हळहळलो! सामना १-२ असा हरलो तरी ब्रायसन फर्नांडिसचा गोल आपण आपल्या मैदानात, आपल्या डोळ्यांनी पाहिला. हाच सामना कुणा दोन सरकारांच्या भांडणापायी दोहाला नेला असता तर? तेहरानच्या आणि रियाधच्या माणसाने हे सात वर्षे सोसले. त्यांच्या बाजूने आज बोललो नाही, तर उद्या आपल्या बाजूने बोला असे कुणाला सांगायचे तोंड आपल्याला राहणार नाही.