बुजलेले चर

कृष्णा-पंचगंगेकाठच्या वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ या तालुक्यांत हिरव्यागार उसाच्या मधोमध पांढरे पडलेले तुकडे दिसतात. उन्हाळ्यात तिथे मीठ फुटते, पावसाळ्यात पाणी हटत नाही, वाफसा म्हणून येत नाही. दोष उसाला आणि बेसुमार पाण्याला दिला जातो, आणि तो रास्तच आहे. मात्र त्याच शिवारातला निचऱ्याचा चर जरा वाकून पाहिला, तर बरेचसे दुखणे तिथे सापडते.

पहिल्या सरींत नांगरलेल्या रानातली बारीक माती पाण्याबरोबर चरात उतरते. चराला उतार मुळातच थोडा. पाणी जिथे संथ होते तिथे माती तळाला बसते. त्या गाळावर पाणकणीस, लव्हाळा, बेशरमी माजते, त्या गचपणाने पाणी आणखी अडते आणि पुढच्या पावसात गाळ आणखी धरला जातो. काळ्या जमिनीत काठ उभे कापलेले असतील, तर भिजल्यावर तेही ढासळून आत येतात. त्यात कुणी बांध कोरत कोरत चर अरुंद केलेला असतो, कुणी ट्रॅक्टर पलीकडे न्यायला बारका सिमेंटचा नळा टाकून वर भराव केलेला असतो. नळ्याच्या वरच्या अंगाला गाळाचा ढीग ठरलेलाच.

सर्वांत मोठा फटका बसतो तो जमीन सुधारण्यासाठी पदरचा पैसा घालणाऱ्यांना. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड राने पुन्हा पिकाखाली आणली. महाराष्ट्राने गिरवावा असा हा धडा आहे. पण अशा पाइपांचे पाणी शेवटी उघड्या चरात किंवा ओढ्यातच सोडावे लागते. चराचा तळ गाळाने वर आला की पाइपाचे तोंड बुडते, खारे पाणी बाहेर पडायचे थांबते, पाइपातही गाळ बसू लागतो आणि कर्ज काढून केलेले काम वाया जाते. पाइपाचे तोंड चरातल्या पाण्याच्या वर वीतभर तरी मोकळे दिसले पाहिजे. एवढे तपासायला अभियंता लागत नाही.

प्रश्न जुनाच आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि काही दशकांतच त्याच्या खालच्या जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. १९१६ साली पुण्यात खास पाटबंधारे विभाग निघाला. त्या विभागातले अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी अशा जमिनींच्या निचऱ्याचा अभ्यास केला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्याच विभागातून वाढली. पाणी आणायचे तर ते बाहेर काढायची वाटही हवी, हे आपल्याला इतक्या वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही आवर्तन चुकले की मोर्चा निघतो आणि चर बुजला तर साधा अर्जही जात नाही.

चर साफ होतात तिथेही काम उलटे होते. जो तो जेसीबी बोलावून आपल्या बांधापुरता चर खोल करतो. खालचा चर उथळच राहिला, तर वर नुसता खड्डा होतो आणि पाणी तुंबते. काम ओढ्याच्या तोंडापासून सुरू करून, लेव्हल घेत घेत वर सरकले पाहिजे. काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला, तर वळवाच्या पहिल्या तडाख्यात तो परत चरात जातो. तो लांब न्यावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे २०१७ पासून गाळ म्हणजे सोने असे सगळ्यांच्या मनात बसले आहे. धरणाच्या गाळाचे ठीक, पण खारवट रानातून वाहून आलेला चराचा गाळ माती परीक्षण केल्याशिवाय चांगल्या जमिनीत पसरू नये.

राहिला खर्च. माती आणि पाणी वरच्यांचे, बुडते मात्र खालच्याचे रान; म्हणून त्यानेच चर साफ करावा, असे गावोगाव चालते. हा उघड अन्याय आहे. ज्यांच्या ज्यांच्या रानाचे पाणी त्या चरात उतरते, त्या सगळ्यांनी एकरी वर्गणी द्यावी, वरच्या अंगाला असणाऱ्यांनीही. शेतकऱ्यांकडे सिंचनाचे व्यवस्थापन देणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली उभ्या राहिलेल्या पाणी वापर संस्थांनी पाटचाऱ्यांच्या दुरुस्तीबरोबर चरांचा खर्चही दरवर्षी धरावा. ऊस तुटून गेल्यावर एप्रिल-मेमध्ये चरापर्यंत यंत्र न्यायला वाट मोकळी असते, तेव्हाच काम उरकावे. त्यासाठी हा विषय आधीच ग्रामसभेत घ्या, चराची मूळ रुंदी मोजून घ्या, आणि यंदापासून त्याच्या दोन्ही काठांना दोन-तीन हात गवताची पट्टी न नांगरता सोडा.