पणजीचं नाव काय?



उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की अमरावती-अकोल्याकडे माहेरवाशिणी येतात. पुण्या-मुंबईला, परदेशात पांगलेली घरं थोडे दिवस एकत्र होतात. अशा वेळी मला कोकणातले बेने इस्रायली आठवतात.

तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले, रोहेकर, पेणकर अशी आडनावं लावणारे हे मराठी बोलणारे ज्यू. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. एक बहीण दिमोनाला, दुसरी ठाण्याला, अशी घरं दुभंगली. सुट्टी काढून नातलग येतात, तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या खडकाशी जातात, गोड पोह्यांचा मलिदा करतात.

तिकडे गेल्यावर मात्र त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या पीठाने आदेश काढला, की बेने इस्रायलींचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी असं मागे जाऊन कूळ तपासावं. लोकांनी निदर्शनं केली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यूच आहेत असं जाहीर केलं.

ती चौकशी अपमानकारकच होती. पण आपल्याला कोणी पणजीचं नाव विचारलं तर सांगता येईल का? आपल्या वंशावळीत बाप, आजा, पणजा असतात. बायका नसतातच.

आणि जिथे बाईचं नाव लागायला हवं, तिथून ते काढलं जातं. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क देशभर मिळाला. तरी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी सांगतात, की हक्कसोडपत्रावर सही घेतली ती सुट्टीत माहेरी गेल्यावरच. साडी-चोळी झाली, रसाचं जेवण झालं, मग कागद पुढे आला. भावाचं दार बंद होईल या धाकाने सही झाली.

म्हणून या सुट्टीत दोन गोष्टी करा. कुरडया घालताना आईला, मावशीला विचारून आजी-पणजीची नावं वहीत लिहून घ्या. आणि कागद पुढे आला तर म्हणा, “वाचून, विचारून सांगते.” भावांनाही ते ऐकू द्या.