मांडीवरची पिशवी

उमराहला जाणाऱ्या घरात मोठ्या बॅगा महिनाभर आधी भरून होतात. विमानात हाताशी काय हवे, हे मात्र शेवटच्या रात्री आठवते.

परभणीहून देवगिरी किंवा नंदिग्रामने मुंबईला जायची आपल्याला सवय. पिशवी बर्थखाली असते, हवी तेव्हा ओढता येते. विमानात बॅग डोक्यावरच्या कप्प्यात जाते आणि पट्टा बांधण्याचा दिवा लागला की उठता येत नाही. मुंबई ते जेद्दाह साधारण साडेपाच तास. म्हणून समोरच्या सीटखाली मावेल अशी छोटी कापडी पिशवी वेगळी ठेवा.

तिच्यात चष्मा, तसबीह, दुआंचा कागद, चार खजूर आणि रिकामी बाटली ठेवा. तपासणीनंतर पाणी भरून घ्या. पॉवर बँक हातातल्या सामानातच लागते, चेक-इन बॅगेत चालत नाही. अम्मी-अब्बांची बीपी-शुगरची औषधे आणि इन्सुलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीसह याच पिशवीत ठेवा. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तेव्हा गोळीची वेळ आधीच ठरवा. पासपोर्ट आणि रियाल पुरुषांनी एहरामच्या पट्ट्यात ठेवावेत, कारण एहरामला खिसा नसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. थेट मक्केला जाणाऱ्यांची मीकात विमानातच येते, जेद्दाहला उतरण्याच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी. एहरामच्या चादरी चेक-इन बॅगेत गेल्या किंवा झोपेत मीकात ओलांडली, तर परत मीकातवर जावे लागते, नाहीतर दम द्यावा लागतो. म्हणून चादरी घरून किंवा विमानतळावरच नेसा, मोबाईलला गजर लावा आणि शेजाऱ्यालाही उठवायला सांगा. सूचना प्रत्येक विमानात होईलच असे नाही. झोपेची खात्री नसेल तर नियत आधीच करता येते. आपल्या आलिमांना विचारून घ्या.

नियतीनंतर विमानात मिळणारा सुगंधी ओला रुमाल वापरू नका, आपला साधा रुमाल पिशवीत ठेवा. पुरुषांनी थंडी वाजली तरी ब्लँकेट खांद्यापर्यंतच घ्यावे, डोके झाकू नये.

पिशवी आदल्या दिवशी अम्मींच्या मांडीवर ठेवा आणि एकेक वस्तू त्यांच्याच हाताने काढायला लावा. अंधारात डोळे मिटूनही सापडली, तर तयारी झाली. मग तलबियावर मन लागेल, इन्शाअल्लाह.