लिंकनचे पत्र आणि वऱ्हाडची खतावणी

अमरावती, अकोला, खामगाव येथील ज्या जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या अद्याप शिल्लक असतील, त्यांनी विक्रम संवत १९१८ ते १९२२ या पाच वर्षांची पाने एकदा उलटून पाहावीत. कापसाचा व्यवहार असलेल्या घरी या पानांवर भाव एकाएकी चढलेला आणि पुढे कोसळलेला दिसेल. तो का चढला, हे खतावणीत लिहिण्याची रीत नव्हती. ते अमेरिकेच्या कागदपत्रांत वाचावे लागते.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध पेटले. दक्षिणेची श्रीमंती कापसावर होती आणि तो कापूस पिकविणारे हात गुलामांचे होते. १८६० च्या शिरगणतीत त्यांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांचा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस तेथूनच येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, गिरण्या थंडावल्या आणि कामगारांच्या चुली विझल्या.

बंदरे मोकळी करण्यासाठी इंग्लंडने हस्तक्षेप करावा, अशी मागणी त्या कामगारांनी केली असती, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमध्ये सभा भरली आणि तेथून अध्यक्ष लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र गेले. दुसऱ्याच दिवशी गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात आली. १९ जानेवारी १८६३ च्या उत्तरात लिंकन यांनी त्यांची उपासमार आपण जाणतो असे लिहिले आणि त्यांच्या वर्तनाला थोर पराक्रमाचा मान दिला. याच लिंकन यांनी पाच महिन्यांपूर्वी संपादक होरेस ग्रीली यांना लिहिले होते, की आपले मुख्य ध्येय संघराज्य वाचविणे हे आहे. गुलामगिरी राहते की जाते, हा प्रश्न त्यानंतरचा. ही दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचावीत. एकाच पत्रावरून थोर माणसाची मूर्ती घडविण्याची आपली खोड जुनी आहे.

मँचेस्टर उपाशी होते, तेव्हा अमरावतीची पेठ बहरत होती. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला आपल्या गावाच्या नावावरून ‘उमरा’ म्हणत. तेथील भाव युद्धापूर्वीच्या तिपटी-चौपटीवर गेले. मुंबईत पैसा मावेना. मागणी वाढताच गठाणीत सरकी, माती आणि पाणीही वाढले. ही भेसळ इतकी बोकाळली, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे भेसळ, स्पष्ट सांगितलेली आहे. ती सांगणाऱ्या ग्रंथांची पारायणे त्या काळीही होत असतच!

येथे एक अवघड प्रश्न येतो. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य आहे आणि त्यात दास-दासींचा क्रयविक्रयही धरलेला आहे. वऱ्हाडच्या व्यापाऱ्याने माणूस विकला नव्हता. परंतु त्याच्या पदरात पडलेला भाव माणसे विकणाऱ्या देशातील रक्तपातामुळे चढलेला होता. या नफ्याला पाप म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो केवळ आपल्या हुशारीचा होता, असे म्हणणे त्याहून अधिक खोटे वाटते.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरांचा फुगा फुटला. कापसाचे राजे मानले जाणारे जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला, मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा आजही मुंबई विद्यापीठात आहे. वऱ्हाडच्या कास्तकाराचे स्मारक कोठेच नाही. रेल्वे नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये आणि खामगावचा फाटा सुरू झाला १८७० मध्ये. म्हणजे तेजी ओसरल्यावर. मग मात्र ज्वारीच्या रानात पऱ्हाटी वाढत गेली, घरचे धान्य बाजारावर अवलंबून राहू लागले आणि कर्जाची खाती लांबत गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने त्याची किंमत वसूल केली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ या संदर्भात अवश्य पाहावा.

या साऱ्यावर मराठीतून अमेरिकेकडे गेलेला एक कागदही आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना, त्यांनी गुलामांची मुक्तता केली म्हणून, अर्पण केले. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांवर कोरडे ओढले. आपल्या घरांत हे पुस्तक क्वचितच दिसते. ते आपल्याला बोचते हे खरे. पण ज्या खात्याच्या जमेच्या बाजूला आपण आहोत, त्याच्या नावे बाजूला कोण होते, हे तेथे लिहिलेले आहे.

जुन्या वह्या मोडी किंवा महाजनी लिपीत असतात. त्या वाचू शकणारे वडीलधारे आता मोजकेच उरले आहेत. येत्या दिवाळीच्या साफसफाईत त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्याकडून निदान सालवार भावांची नोंद करून घ्यावी आणि पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत. संवत १९२१ ची वही सापडल्यास चैत्र-वैशाखाची पाने प्रथम पाहावीत.